वासाचा भात आणि आप्पांची तरू

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "आक्का, रिटायर झाल्यावर शेतीत उतरलात, त्यातलं यश लिहून द्या." मी म्हटलं, यश लिहायला अर्धं पान पुरतंय, चुका लिहायच्या असतील तर जागा मोकळी ठेवा. ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

आधी मी कोण ते सांगते. सव्वीस वर्षं मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. बेळगाव-निपाणी, बेळगाव-चिकोडी, कधी पार महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंत. माहेर येळ्ळूर, सासर निपाणीच्या पुढं कोगनोळीच्या अलीकडं, आणि माझी नोकरी ह्या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर, तीही उभ्यानं. आवाज मोठा, स्वभाव तापट. समोरचा बोलायला लागला की अर्ध्यात तोडून "कुठं जायचंय ते सांगा" म्हणायची सवय. ही सवय बसमध्ये चालते. शेतात काय होतं ते पुढं येईलच.

येळ्ळूरला आमची भातशेती. बाबा वासाचा भात लावायचे. हा भात फुलावर आला की बांधावरनं जाणारा माणूस थांबून मान वर करून वास घ्यायचा. घरी शिजला की गल्लीला कळायचं. पुढं शहर वाढत वाढत आमच्या रानापर्यंत आलं, भावांनी जमीन प्लॉटवाल्याला दिली. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्या पोरांनी नोकऱ्या धरल्या, चिखलात उतरायला कोणी उरलं नव्हतं. मी रिटायर झाले त्या वर्षी धाकटा भाऊ एक पत्र्याचा डबा घेऊन बेळगावच्या घरी आला. म्हणाला, "आक्का, बाबांच्या भाताचं हे शेवटचं बी. गावात आता कुणाकडं न्हाय, मी सगळीकडं विचारून आलोय. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

भाताचं बी म्हणजे काही सोनं नव्हे, की कपाटात ठेवलं आणि राहिलं. वर्ष-दीड वर्षात पेरलं नाही तर उगवत नाही. म्हणजे आता रान पाहिजे होतं, आणि ताबडतोब.

रान होतं. आमच्या मालकांच्या वाटणीचा एक एकर, काळी जमीन. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांनी जन्म लेथ मशीनवर काढला, शेतीचं नाव काढलं की गुडघा धरायचे. ती जमीन वीस वर्षं शेजारचे आप्पा करत होते. आप्पा सत्तरीचे, सडसडीत, तंबाखू पिकवणारे. निपाणीच्या बाजूला तंबाखू म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिथं माणसं वर्ष मोजतात तेच तंबाखूवर, लावण झाली, खुडा झाला, माल गेला. आणि मला तंबाखूचा मनस्वी राग. सव्वीस वर्षं बसच्या खिडक्यांखालचे ते लाल ओघळ बघितलेत मी, एकेकाला पुसायला लावलेत. आप्पांच्या घरी जाऊन सांगितलं, "आता आम्ही करणार. तंबाखू बंद."

आप्पा एवढंच म्हणाले, "तुमचं हाय, घ्या म्याडम." ते मला म्याडमच म्हणायचे. त्यांनी माझ्या बसमधनं खूप प्रवास केला होता. चिडवून म्हणतात की मानानं, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

गावातल्या दोन खोल्या झाडून आम्ही राहायला गेलो. मालक म्हणाले, "दोन पावसाळे. न्हाय जमलं तर गप बेळगावला याचं." मी म्हटलं, "एकच पुरे."

वरच्या अर्ध्या एकरात भाजीपाला, खालच्या अर्ध्यात भात, असं ठरवलं. आणि बसवाल्या बाईला शोभेल असं वहीत टाइमटेबल काढलं. मंगळवारी सकाळी आठला ट्रॅक्टर, गुरुवारी पेरणी. सोमवारी सरी कोसळल्या. मंगळवारी ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मावशी, रान वलं हाय, दोन दिस थांबूया." मी म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं. काळी जमीन ओली असताना नांगरली की तिची मोठमोठी ढेकळं उलटतात, आणि चार दिवसांच्या उन्हानं ती वाळून अशी होतात की पायानं फुटत नाहीत. जमीन ना ओली ना सुकी, हातात घेतली की भुसभुशीत सुटते, त्या अवस्थेला वापसा म्हणतात. तो कधी दोन दिवसांत येतो, कधी आठ. वहीत लिहून येत नाही. पंधरा दिवस मी आणि मालक कुदळीच्या पाठीनं ढेकळं फोडत बसलो. आप्पा बांधावरनं जाताना थांबले, "म्याडम, ही गाडी आपल्या टायमानं सुटत न्हाय. तिच्या टायमाला आपण हजर ऱ्हायाचं."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

तरी भेंडी, गवार, दोडका सगळं उगवलं, आणि सगळं एकदम काढायला आलं, कारण मी सगळं एकदम पेरलं होतं. पाट्या घेऊन निपाणीच्या आठवडी बाजारात बसले. एक चिकोडीकडची बाई आली, गवार घेतली, पिशवी पुढं धरून म्हणाली, "आक्का, म्याल स्वल्प हाक्री." वर थोडी घाला म्हणे. मी म्हटलं, "तिकिटावर वर काय देतात का?" ती गवार परत पाटीत ओतून शेजारच्या म्हातारीकडं गेली. संध्याकाळपर्यंत शेजारणीच्या पाट्या रिकाम्या, माझ्या भरलेल्या. उठताना म्हातारी मला म्हणाली, "अगं, ती मूठ गिऱ्हाईकाला न्हाय, पुढच्या बाजाराला द्याची असती." पुढच्या बाजारापासनं मी मूठ घालायला लागले. पहिल्या दोन-तीन मुठी घालताना माझा हात आखडायचा, नंतर सैल झाला.

ह्या चुका माझ्या मला भोवल्या. पुढची दुसऱ्याच्या मुळावर आली, म्हणून ती नीट सांगते.

येळ्ळूरला भातशेतीचा पहिला धडा एकच, पाणी अडवायचं. बांधाला खेकड्यानं केलेलं भोकसुद्धा आम्ही चिखलानं लिंपायचो. बाबा पावसात इरलं घेऊन बांधांवरनं फिरायचे ते कुठं पाणी पळतंय का बघायला. आणि आमच्या ह्या काळ्या रानाला खालच्या कोपऱ्यात, आप्पांच्या बाजूला, बांधात चांगलं दोन हात रुंद उघडं तोंड. तिथनं पाणी आप्पांच्या कडेच्या चरात आणि चरातनं ओढ्यात. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं ह्या माणसानं आमचं पाणी वाया घालवलं! जेसीबी बोलावला, तोंड दगडमातीनं बुजवलं, सगळा बांध हातभर उंच केला.

आप्पा आले. म्हणाले, "म्याडम, हितनं पाणी जातंय. काळं रान पाणी धरून ठेवतंय, त्येला आणि धरायला लावलं तर..."

"आप्पा, आम्ही येळ्ळूरची माणसं. पाणी कसं अडवायचं ते आम्हाला नका शिकवू."

ते बोलायचे थांबले आणि गेले. त्यांचं ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. कितीतरी दिवस ते माझ्या डोक्यात होतं.

मग मी डब्यातलं सगळं बी टाकलं. सगळं! अर्ध्या एकराला रोप कमी पडायला नको म्हणून मूठभरसुद्धा मागं ठेवलं नाही. बाबा दरवर्षी पेरणीआधी एक गाडगं बाजूला काढून माळ्यावर ठेवायचे, ते मी लहानपणापासनं बघत आले होते. बघितलं होतं, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं.

रोप आलं, लावण झाली. खालचं अर्धं रान हिरवंगार, पाण्यात उभं. मालकांनासुद्धा आनंद झाला. भावाला फोटो पाठवला, तो फोनवर रडला.

श्रावणात पाऊस लागला तो चार दिवस हटला नाही. पाचव्या दिवशी सकाळी उघडीप झाली, मी बघायला गेले. बांध मधोमध फुटला होता. कोपऱ्यातलं जुनं तोंड मी पक्कं बुजवलं होतं, तिथं काही झालं नव्हतं. पाण्यानं जेसीबीची नवी माती बघून आपली वाट काढली होती. आणि त्या वाटेच्या बरोबर खाली आप्पांचे तरूचे वाफे होते.

तरू म्हणजे तंबाखूची लावणीची रोपं. तंबाखूचं बी रांगोळीपेक्षा बारीक. ते राखेत कालवून उंच वाफ्यांवर टाकायचं, झारीनं पाणी द्यायचं, दीड महिना लेकरागत सांभाळायचं, मग त्याची रानात लावण. आप्पांची लावण आठ दिवसांवर आली होती. आता वाफे नव्हतेच. गाळ होता, त्यात कुठं कुठं एखादं पान वर दिसत होतं, आणि माझ्या भाताची उपटलेली रोपं सगळीकडं पसरली होती. आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते.

मी म्हटलं, "आप्पा, माफ करा."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माफीची लावण हुईत न्हाय म्याडम. आता बी टाकून तरू याला दीड म्हैना. तवर हंगाम गेला."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडकुदळ बाई, शिव्यांना उत्तर देता येतं मला. 

घरी आले. दोन दिवसांत माझ्या अर्ध्या एकरातलं पाणी त्या भगदाडातनं निघून गेलं, वर ऊन पडलं, काळ्या रानाला भेगा पडल्या. उरलेला भात पिवळा पडून बसला. डबा रिकामा होता. मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले. बाबा गेले तेव्हा ड्यूटी होती म्हणून नीट रडले नव्हते, ते सगळं तेव्हा निघालं. मालक शेजारी बसले. म्हणाले, "शालन, चल परत. आप्पाला रान दिऊया, तेवढीच भरपाई."

मी डोळे पुसले. "रान दिऊन त्यांची लावण हुणार हाय का? आप्पांच्या रानात तरू लागल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय."

भात गेला होता, त्याला इलाज नव्हता. तरू आणता येणार होती. तंबाखूवाले शेतकरी वाफ्यात गरजेपेक्षा थोडी जास्त तरू धरतात, रानात मेलेल्या रोपांच्या जागी लावायला. कुणाकडं दोनशे, कुणाकडं पाचशे. एका माणसाकडं आप्पांना पुरेल एवढी कधीच मिळत नाही. पण त्या पट्ट्यातलं एकेक गाव, एकेक थांबा माझ्या तोंडपाठ होता. कुठल्या थांब्यावर कोण चढतो, कुणाचं रान कुठं, कुणाची सून कुठली. सव्वीस वर्षं ते सगळं नुसतं डोक्यात पडून होतं.

मी रिटायर होऊन घरी बसले आणि सरकारनं बायकांना तिकीट माफ केलं. सव्वीस वर्षं बायकांशी तिकिटावरनं हुज्जत घातली ती मी, आता आधार कार्ड दाखवून फुकट फिरायला लागले. सकाळची पहिली गाडी धरायची, गावात उतरायचं, तरू मागायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, आणि परतीच्या गाडीवर द्यायची. आमचा जुना ड्रायव्हर मल्लाप्पा अजून नोकरीत होता. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं. कुठल्या तरी गाडीचा कंडक्टर आमच्या थांब्यावर दार उघडून ओरडायचा, "आक्काचं गाठोडं!" मालक गुडघा धरून तिथं उभे असायचे, गाठोडं घ्यायचे, आप्पांच्या बांधावर नेऊन सावलीत ठेवायचे. नाक्यापलीकडनं महाराष्ट्रातनंही दोन गाठोडी आली. नाक्यावर पोलिसानं गोणपाट उघडायला लावलं, आत पानं बघून म्हणाला, "ही कसली भाजी?" मी म्हटलं, "खाऊन बघा."

चिकोडीच्या अलीकडच्या एका वस्तीवर भली मोठी तरू होती. त्या रानाचा धनी चाळिशीचा गडी. मला बघून दारातच उभा राहिला. "वळाकलंसा का?" मी म्हटलं, नाही. "कालेजला असताना पास इसारला म्हणून तुम्ही मला पावसात खाली उतरीवलतं. परीक्षा हुती माझी."

मला आठवलं नाही. असे कितीजण उतरवले असतील, कुणास ठाऊक. नियम होता, मी नियमानं वागले, पण त्याच्या अंगणात उभी राहून मला ते सांगवेना. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाला, "बसू नगासा. उभ्याच ऱ्हावा. मी बी उभाच ऱ्हायलो हुतो."

मी उभी राहिले. चहा उभ्यानं प्यायले. कप खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "आता सांगा, किती पायजे?" सगळ्यात मोठं गाठोडं त्यानं दिलं, वर स्वतः डोक्यावर घेऊन थांब्यापर्यंत आला. गाडीत चढताना मी त्याला म्हटलं, "चुकलं रं माझं." तो म्हणाला, "परीक्षा पुन्ना दिली, पास झालो. जावा आता, पुढं सरका."

आठ दिवसांत तरू पुरी झाली. पाच-सहा गावांची, त्यामुळं कुठं उंच, कुठं बुटकी, पंगतीला वेगवेगळ्या घरची पोरं बसावीत तशी. आप्पा, त्यांची सून, मालक आणि मी, चौघांनी लावण केली. मालक गुडघ्यावर बसून लावत होते, दुखतंय म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. माझ्या हातांना चार दिवस तंबाखूचा चिकट वास होता, साबणानं जाईना. आप्पा कामापुरतं बोलले.

मग मी कुदळ घेतली आणि बांधाचं जुनं तोंड माझ्या हातानं उकरायला लागले. जेसीबी बोलावला नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा पलीकडनं चराच्या कडेला येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धं ऱ्हायलं. पुरं करा."

त्यांनी वाकून उकरलेलं तोंड बघितलं. मग म्हणाले, "आणि वीतभर खाली घ्या. डावीकडं. आता दगुड लावा तळाला, न्हायतर माती वाहून जाती." अंधार पडेपर्यंत ते सांगत होते आणि मी ऐकत होते. एवढं सलग मी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही, मालकांना विचारा.

रब्बीला आप्पांनी सांगितलं तेव्हा, सांगितला तसा, शाळू पेरला. वापसा आला की नाही ते मूठभर माती माझ्या हातात देऊन मलाच ओळखायला लावलं. शाळू चांगला आला. पण भावाला मी फोन करत नव्हते. त्याचा आला की पावसाचं, पोरांचं बोलायची. भाताचं त्यानं विचारलं तेव्हा "हाय की" म्हणून मोकळी झाले. सख्ख्या भावाशी एवढं खोटं मी कधी बोलले नव्हते.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी आप्पा दारात आले. कधी उंबऱ्याच्या आत न आलेला माणूस सरळ स्वयंपाकघरापर्यंत आला. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलं होतं. माझ्यासमोर ताटात ओतलं. भाताच्या लोंब्या. सुतळीनं बांधलेली एक जुडी, पिकून पिवळी झालेली.

मला कळेना. "हे कुठलं?"

"तुझंच हाय. तुझ्या पाण्याबरुबर माझ्या चरात आलतं. गाळात धा-बारा बुडकं रुजलं. मी म्हटलं तण हाय, उपटाय गेलो, तर भात दिसला. म्हटलं ऱ्हाऊ दे, पाणी हाय तितं, जगला तर जगला." मग म्हणाले, "मागल्या म्हैन्यात सकाळी तंबाखूला पाणी बघाय गेलो आणि वास आला. मी आयुष्यभर तंबाखूत, माझं नाक मेलं म्हणतात सगळी. पण मला वास आला. तवा कळलं पोरी, तू कशापायी एवढी झगडत हुतीस."

ते मला पोरी म्हणाले ते माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी फक्त त्या लोंब्या नाकाशी धरून उभी होते. मग भावाला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

मूठ-दोन मूठ बी निघालं. पुढच्या पावसाळ्यात सगळं नाही पेरलं. बांधाच्या तोंडाजवळ, जिथं पाणी आपणहून जरा वेळ थांबतं आणि मग जातं, तिथं दीड गुंठ्यात लावलं. जागा आप्पांनीच दाखवली. बाकीच्या रानात रानाला झेपेल ते, भुईमूग, शाळू, भाजी. यंदा तीन गुंठे भात आहे. मी हे लिहितेय आणि बाहेर तो फुलावर आलाय. मालकांनी ठरवलेले दोन पावसाळे कधीच सरले. परवा मी विचारलं, जायचं का बेळगावला, तर म्हणाले, "भात निघाल्यावर बघू." हे ते तिसऱ्यांदा म्हणाले.

आज सकाळी आप्पा बांधावर भेटले. मी त्यांना सांगितलं, "आप्पा, ह्या वर्षीपासनं बी दोन घरांत ठेवायचं. अर्धं माझ्याकडं, अर्धं तुमच्याकडं."

ते म्हणाले, "माझ्या घरात नगं. घरभर तंबाखू असती. तुझ्या बाबाच्या भाताला तंबाखूचा वास लागंल."

मी म्हटलं, "लागू दे."